नॉरिसनं स्वतःच्या हातानं बांधलेली गाडी

सोमवारी सकाळी एव्हरिल व्हिटलॉकने नवऱ्याची कामाची डांगरी धुवायला उचलली, खिसे तपासले, आणि ती मशीनमध्ये कोंबायच्या ऐवजी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. मग उलटी केली. मग नाकाशी नेली. डांगरीला साबणाचा वास येत होता, तोही गेल्या सोमवारच्या धुण्याचा.

एव्हरिलच्या मनात पाल चुकचुकली.

गेले आठ आठवडे नॉरिस रोज सकाळी साडेनऊला गॅरेजमध्ये शिरत होता आणि दुपारी साडेतीनला बाहेर पडत होता. आत तो गाडी बांधत होता. दुरुस्त करत नव्हता, अख्खी बांधत होता. आणि आठ आठवड्यांत डांगरीवर तेलाचा एक डाग नाही? याच माणसानं गेल्या वर्षी दिवाणखान्यातला बल्ब बदलला होता, तेव्हा गालिचा धुवायला द्यावा लागला होता.

एव्हरिलनं हिंकली गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. हजारो मोज्यांतून सुटलेला एक टाका तिला लांबूनच दिसायचा. नोकरी सुटली, नजर सुटली नाही.

हे गाडीचं प्रकरण सुरू झालं ते नॉरिसच्या निवृत्तीच्या समारंभात. पाणीपुरवठा कचेरीत चौतीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळलेला हा माणूस. कधी कुणाशी वाद नाही, कधी मोठ्यानं हसणं नाही. पण त्या संध्याकाळी शेरीचे दोन ग्लास पोटात गेले आणि तो खुर्चीवर चढला. "लहानपणापासून मला एकच गाडी हवी होती," तो म्हणाला. "लाल, उघडी, दोन सीटांची. अस्सल मिळणं आता शक्य नाही. म्हणून मी तिची नक्कल बांधणार आहे. घरी. स्वतःच्या हातानं. जूनच्या गाड्यांच्या मेळाव्यात तुम्ही ती बघाल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा टाळ्या वाजल्या की माणसाला माघार घेता येत नाही. महिन्याभरात एक ट्रक दारात आला. त्यातून सेहेचाळीस खोकी, एक लोखंडी सांगाडा आणि गोधड्यांत गुंडाळलेली लाल फायबरची बॉडी उतरली. एव्हरिलची छोटी गाडी गॅरेजमधून रस्त्यावर आली. गॅरेजच्या खिडकीला आतून जुना पडदा लागला.

"पडदा कशाला?" तिनं तेव्हाच विचारलं होतं.

"धूळ येते."

"बंद खिडकीतून?"

"बारीक धूळ असते, एव्हरिल."

तेव्हा तिनं सोडून दिलं होतं. आता डांगरी हातात धरून ती एकेक गोष्ट आठवायला लागली. नॉरिस पूर्वी दुपारी एक सँडविच खायचा, आता तीन नेत होता. चहाचे कप परत यायचे ते दोन. आणि आल्याची बिस्किटं! जन्मात आल्याला तोंड न लावणारा नॉरिस गेल्या महिन्यात म्हणाला होता, "जरा जास्तच कर, बरी लागतात."

ती तडक कोपऱ्यावरच्या हेझल क्रॉप्लीकडे गेली. हेझल जाळीच्या पडद्यामागे बसून सगळ्या आळीवर नजर ठेवून असायची, आणि हे काम ती मन लावून करायची.

"तू विचारतेस म्हणून सांगते हं," हेझल खुर्ची जवळ ओढत म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत असेल. रोज साडेनऊला मागच्या गल्लीतून एक बाई येते. हातात जड पिशवी. साडेतीनला जाते. मी म्हटलं, तुमची साफसफाईवाली असेल."

"हेझल, घर घेतल्यापासून त्या गॅरेजला झाडू लागलेला नाही."

"मग ती तिथे करते काय?"

हेझलनं मुकाट्यानं दुसरा चहा ओतला, तोही विचारल्याशिवाय साखर घालून.

"वय काय असेल?" एव्हरिलनं शेवटी विचारलं.

"डोक्याला रुमाल असतो गं. पण चालते ताठ."

बुधवारी सकाळी एव्हरिलनं टोपी घातली, पर्स घेतली आणि "नन्यटनला बहिणीकडे जाते, संध्याकाळी येईन," असं सांगून घराबाहेर पडली. नॉरिस इतक्या प्रेमानं "सावकाश ये, घाई करू नकोस," म्हणाला, की तिचा उरलासुरला विश्वासही उडाला. बस स्टॉपवर न जाता ती हेझलच्या घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. हेझल गल्लीच्या खालच्या टोकाला पहाऱ्यावर उभी राहिली. काही झालं तर खोकायचं, असं ठरलं होतं.

एव्हरिलनं गॅरेजच्या भिंतीला कान लावला.

"हळू रे. घाई करू नकोस." बाईचा आवाज. भरड आणि निवांत.

"हात थरथरतायत माझे." हा नॉरिस.

"थरथरू देत. घट्ट धरून ठेव म्हणजे झालं. बायकोला कधी सांगणार आहेस?"

"एकदा हे नीट जुळलं की सांगतो."

"गेल्या आठवड्यातही हेच म्हणालास."

"तिला कळलं ना डिलिस, तर ती मला घराबाहेर काढेल."

एव्हरिलचे कान तापले. डिलिस! नावसुद्धा ठाऊक झालं. आता चेहरा बघायचाच. खिडकी उंच होती, पण पडद्याच्या वरच्या बाजूला चार बोटं फट होती, आणि खिडकीखाली चाकांचा कचऱ्याचा मोठा डबा उभा होता. एव्हरिलनं पर्स दातात धरली आणि डब्यावर चढली.

गल्लीला उतार होता. डब्याला चाकं होती. या दोन गोष्टी एव्हरिलला एरवी माहीत होत्या, पण त्या वेळी आठवल्या नाहीत.

डबा निघाला. एव्हरिलनं वर हात फेकला आणि छपराची पन्हळ पकडली. क्षणभर ती पन्हळीला लोंबकळली. मग पन्हळ, तिचे चार खिळे आणि एव्हरिल असा सगळा ऐवज खालच्या खाजऱ्या झुडपात पडला. पर्स दातातून सुटली आणि तिच्या जागी एक किंकाळी बाहेर आली. रिकामा डबा मात्र गडगडत, वेग घेत, गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या हेझलच्या समोरून गेला.

हेझलनं एव्हरिलला डब्यावर चढताना पाहिलं होतं. किंकाळी ऐकली होती. आता डबा दिसत होता, एव्हरिल दिसत नव्हती. तिनं सरळ हिशोब केला, घरात धावली आणि अग्निशामक दलाला फोन लावला. "माझी मैत्रीण कचऱ्याच्या डब्यात अडकलीय," ती ओरडली, "आणि डबा चर्चकडे चाललाय!"

इकडे एव्हरिल उठली. गुडघा सोललेला, हाताला खाज, टोपी डोळ्यावर. हातात पन्हळीचा तुकडा तसाच होता. किंकाळीसरशी आत काहीतरी धाडकन आदळलं होतं. तिनं पन्हळीनं गॅरेजच्या मागच्या दारावर तीन ठोके दिले.

दार उघडलं. नॉरिसचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

"तू नन्यटनला गेली होतीस ना?"

"आणि तू गाडी बांधत होतास ना?"

त्याला ढकलून ती आत शिरली. लाल बॉडी सांगाड्यावर वेडीवाकडी पडली होती, एक कोपरा छताच्या दोरीला लटकत होता, आणि बॉडीखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत जाड तळव्याचे बूट होते.

"कोण आहे ही?" एव्हरिल कडाडली.

"आधी उचला," बॉडीखालून आवाज आला, "मग ओळख करून द्या. माझ्या तोंडात दोन नट आहेत."

रागाला जागा कुठे करायची हे कळेना, म्हणून एव्हरिलनं आधी एक बाजू उचलली. नॉरिसनं दुसरी उचलली. खालून एक ठेंगणी, जाडजूड, पासष्टीची बाई घसरत बाहेर आली. रुमालाखाली आखूड पांढरे केस, नाकावर काळा ओरखडा, आणि हात असे की एका हातात अख्खं कलिंगड मावावं. तिनं नट थुंकून खिशात टाकले आणि नॉरिसकडे वळली.

"काही झालं तरी दोरी सोडायची नाही, असं बजावलं होतं ना तुला?"

"बायको किंचाळली," नॉरिस पुटपुटला.

"बायका किंचाळतात. दोरी धरून ठेवायची."

एव्हरिलनं पन्हळ खाली ठेवली. त्या बाईच्या डांगरीवर तेल होतं, ग्रीस होतं, गंज होता, रंग होता. आठ आठवड्यांचे जे डाग तिला नॉरिसच्या कपड्यांवर सापडले नव्हते, ते सगळे इथे होते. तिला एकदम सगळं उमगलं, आणि उमगल्यावर ती आणखी चिडली.

पण बोलायला वेळच मिळाला नाही. बंब घंटा वाजवत आळीत शिरला होता. त्याच्यामागे पोस्टमन, त्याच्यामागे दोन कुत्री आणि अर्धी आळी. सगळ्यांत पुढे हेझल. एव्हरिलला धडधाकट बघून हेझल आधी रडली आणि मग लगेच तिची नजर डिलिसवर खिळली.

"ही बाई कोण?" अग्निशामक दलाच्या प्रमुखानं वही उघडत विचारलं. "इथे कुणी अडकलं होतं का?"

सगळी आळी नॉरिसकडे बघत होती. याच आळीनं त्याला रोज "काय, कुठवर आली गाडी?" असं विचारलं होतं आणि त्यानं रोज छाती काढून उत्तर दिलं होतं.

"ही माझी मावसबहीण!" नॉरिस ओरडला. "टास्मानियाची! मला भेटायला आलीय! गाडी बघत होती!"

डिलिसनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. हेझलच्या भुवया केसांत शिरल्या. "एव्हरिल," ती हळूच म्हणाली, "नॉरिसला मावसबहीण आहे?"

एव्हरिलला खरं सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण तिची नजर नवऱ्यावर गेली. चौतीस वर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला हा माणूस सगळ्या आळीसमोर उभा होता आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी हलत होती.

"आहे," एव्हरिल म्हणाली. "मीच विसरले होते."

तोंडून हे कसं गेलं, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

बंब गेल्यावर स्वयंपाकघरात तिघं बसली. एव्हरिलनं चहा केला, पण बिस्किटांचा डबा मुद्दाम वरच्या फळीवरच ठेवला.

"पहिल्याच दिवशी," नॉरिस कपाकडे बघत सांगू लागला, "मी सांगाड्याला एक भोक पाडायला घेतलं. ड्रिल घसरलं आणि पेट्रोलच्या टाकीतून आरपार गेलं. मी खाली बसलो. संध्याकाळपर्यंत तसाच बसून होतो गं. मग सुट्या भागांच्या दुकानात हिची चिठ्ठी लावलेली दिसली."

"बसडेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते," डिलिस म्हणाली. "निवृत्त केलं. घरी करायचं काय? मांजराला किती वेळा कुरवाळणार? मी नुसत्या जेवणावर काम करते. आणि तुझी बिस्किटं चांगली असतात."

"आणि तू काय करतोस?" एव्हरिलनं नवऱ्याला विचारलं.

"मी पुस्तकातून सूचना वाचून दाखवतो. नट आवळायचे पाने देतो हातात."

"निम्मे चुकीचे," डिलिस म्हणाली.

"बाई ठेवली असतीस तर एक वेळ समजून घेतलं असतं," एव्हरिल म्हणाली. "तुला गाडी बांधता येत नाही, हे मला सांगायची लाज वाटली? मला? मी काय टाळ्या वाजवल्या होत्या का तुझ्या समारंभात?"

नॉरिस उठला आणि कुणी न सांगता भांडी घासायला लागला. तेवढ्यात एक कप फुटला.

दुसऱ्या दिवसापासून एव्हरिल स्वतः गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागली. नजर ठेवायला, असं तिनं सांगितलं. पण तपासनिसाला नुसतं बसवत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ब्रेकच्या नळीला आलेली केसाएवढी चीर दाखवली. डिलिसनं चष्मा चढवून बघितलं आणि नळी काढून कचऱ्यात टाकली. त्यानंतर डिलिस काम करायची, एव्हरिल तपासायची आणि नॉरिस चहा आणायचा. तिघांचंही यात बरं चाललं होतं.

बरं चाललं नव्हतं ते हेझलचं. ती रोज काही ना काही निमित्त काढून यायची.

"टास्मानियात आत्ता ऋतू कोणता हो?"

"डेपोत कायम थंडीच असते," डिलिस सांगाड्याखालून सांगायची.

"कसला डेपो?"

"कांगारूंचा," एव्हरिल मध्येच म्हणायची आणि हेझलला हाताला धरून बाहेर न्यायची. आपण इतकं सराईत खोटं बोलू लागलो, याची तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर भीती वाटायची.

मे महिन्यात गाडी उभी राहिली. सरकारी तपासणीत पहिल्यांदा आरशाच्या धारदार कडेवरून नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. लाल, बुटकी, देखणी गाडी. नॉरिस पहिल्यांदा तिच्यात बसला तेव्हा बराच वेळ त्यानं ती चालूच केली नाही. नुसता बसून राहिला.

आणि जूनचा मेळावा आला. बॉसवर्थजवळच्या एका हवेलीच्या हिरवळीवर चाळीसेक घरी बांधलेल्या गाड्या रांगेनं उभ्या राहणार होत्या, आणि 'स्वतःच्या हातानं बांधलेल्या सर्वोत्तम गाडी'ला अशा गाड्यांच्या क्लबचा चांदीचा करंडक मिळणार होता. 'गाडी मीच बांधली' अशा अर्जावर सही करायची होती.

"तू सही केलीस," एव्हरिलनं बजावलं, "तर मी तिथं भोंग्यावरून सगळं सांगेन. आळीशी खोटं बोलले ते बोलले. करंडकासाठी बोलणार नाही."

"सांगतो मीच," नॉरिस म्हणाला. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

एव्हरिलनं डिलिसलाही चलायला सांगितलं. डिलिस एकदम गडबडली.

"मी नाही येत अशा ठिकाणी."

"का?"

"गर्दी असते."

"बसडेपोत एकतीस वर्षं काढलीस आणि तुला गर्दीची भीती?" एव्हरिलला पुन्हा संशय आला, आणि संशय आला की ती माघार घेत नसे. शेवटी डिलिस आली, पण रुंद कडांची टोपी आणि काळा चष्मा घालून. आकाश ढगाळ होतं. एव्हरिलनं चष्म्याकडे बघितलं आणि मनात नोंद करून ठेवली.

क्लबचा चिटणीस रॉडनी टॅन्सली हा मोठ्या मिशांचा, पन्नाशीचा गृहस्थ होता. हातात नोंदीची पाटी घेऊन तो प्रत्येक गाडीपाशी थांबायचा, वाकायचा आणि मालकाकडे असं बघायचा, जणू त्यानं ती चोरून आणली असावी. डिलिस घाईघाईनं गाडीच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसली आणि तिनं वर्तमानपत्र उघडलं.

टॅन्सली आला. "मिस्टर व्हिटलॉक! उत्तम काम दिसतंय. सगळं स्वतः केलंत?"

नॉरिसनं टोपी काढली. "नाही," तो म्हणाला. "यातला एक स्क्रूसुद्धा मी लावलेला नाही. मी पुस्तक वाचून दाखवत होतो. गाडी एका बाईंनी बांधली आहे. मला स्पर्धेतून काढून टाका."

टॅन्सलीची मिशी ताठ झाली. आजूबाजूचे चारपाच जण वळून बघू लागले.

"मिस्टर व्हिटलॉक," तो मोठ्यानं म्हणाला, "या क्लबला एकवीस वर्षं झाली. इथल्या प्रत्येक सभासदानं आपली गाडी घाम गाळून स्वतः बांधली आहे. मी स्वतः माझ्या हिरव्या गाडीसाठी तीन हिवाळे गॅरेजमध्ये काढले आहेत. परक्या माणसाकडून बांधून घ्यायची आणि मालक म्हणून मिरवायचं, हे..."

"अय्या! डिलिस आत्या!"

टॅन्सलीची बायको डॅफ्नी हातात केकची थाळी घेऊन धावत आली आणि तिनं वर्तमानपत्रासकट डिलिसला मिठी मारली.

"आत्या, तुम्ही कॅनडाहून परत कधी आलात? रॉडनी, अरे बघ कोण आलंय! तुझी आत्या! तीन हिवाळे आमच्याकडे येत होतात ना तुम्ही, आणि आमच्या गॅरेजमधून बाहेर म्हणून पडत नव्हतात!"

रॉडनी टॅन्सलीच्या हातातली पाटी गवतावर पडली. डिलिसनं चष्मा काढला आणि एव्हरिलकडे अपराधी नजरेनं बघितलं. "मी सगळ्यांना शब्द दिलेला असतो," ती म्हणाली.

"सगळ्यांना?" एव्हरिल म्हणाली.

नॉरिस टॅन्सलीकडे बघत होता. पण त्याच्या नजरेत राग नव्हता. टाकीला भोक पडल्यावर संध्याकाळपर्यंत खाली बसून राहणारा दुसरा माणूस त्याला भेटला होता. त्यानं पाटी उचलली, पुसली आणि टॅन्सलीच्या हातात दिली.

"किती दिवस बसला होतात?" त्यानं हळूच विचारलं.

"दोन," टॅन्सली पुटपुटला. "मी गिअरबॉक्स उलटा बसवला होता."

अर्ध्या तासानं टॅन्सली माइकसमोर उभा राहिला. त्याचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता. परीक्षकांपुढे काही अडचणी आल्यामुळे या वर्षीचा करंडक कुणा एकाला न देता सर्व सभासदांना मिळून देण्यात येत आहे, असं त्यानं जाहीर केलं. टाळ्या जरा उशिराच पडल्या. रांगेतले बरेच मालक एकदम आपापली गाडी पुसायला लागले.

"सर्वांना कशाला?" डिलिस केकचा तुकडा मोडत म्हणाली. "पिवळीला द्यायला हवा होता. तिच्या ब्रेकपायी माझे दोन महिने गेले."

एव्हरिलनं मान वळवून पिवळ्या गाडीकडे बघितलं. तिच्याजवळ उभा असलेला गावचा दंतवैद्य बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.